आखाडा नको, पाच दिवसांची खेळपट्टी हवी

२७ डिसेंबर २०२५. मेलबर्नवरची ॲशेस कसोटी दुसऱ्याच दिवशी संपली. पहिल्या दिवशी २० विकेट, एकूण ३६, आणि इंग्लंड चार विकेटनी विजयी. इथे ऑस्ट्रेलियात संध्याकाळ होत होती, भारतात दुपार. तिकडच्या क्रिकेटवेड्यांचा इकडच्या मराठी मंडळींना एकच सवाल होता: हेच पुण्यात किंवा इंदूरला झालं असतं, तर तुमच्या ऑस्ट्रेलियन पेपरांनी काय लिहिलं असतं?

सवाल रास्त आहे. २०२३ची नागपूर कसोटी सुरू व्हायच्या आधीच इथे ओरड सुरू झाली होती, की डावखुऱ्यांच्या ऑफ स्टंपबाहेरचा भाग मुद्दाम कोरडा ठेवलाय. उलट पर्थची नोव्हेंबर २०२५ची कसोटीही दोन दिवसांतच आटोपली, पण तिथल्या खेळपट्टीला आयसीसीने ‘व्हेरी गुड’ असा शेरा दिला. भारतातल्या माणसाला हे टोचणारच.

पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. इंदूरच्या २०२३च्या खेळपट्टीला आधी ‘पुअर’ ठरवून तीन दोषगुण (डिमेरिट पॉइंट) दिले होते. बीसीसीआयने अपील केल्यावर शेरा ‘बिलो ॲव्हरेज’ झाला आणि दोषगुण एकावर आला. डिसेंबर २०२२मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाने दक्षिण आफ्रिकेला दोन दिवसांत हरवलं, त्या खेळपट्टीलाही ‘बिलो ॲव्हरेज’च मिळालं. मेलबर्नला आता ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ म्हणून एक दोषगुण बसला आहे. म्हणजे प्रत्येक वेळी फक्त आपल्यालाच नापास करतात, हे खरं नाही. पर्थला चांगला शेरा मिळाला त्यालाही कारण आहे. शेवटच्या डावात ट्रॅव्हिस हेडने त्याच खेळपट्टीवर ८३ चेंडूंत १२३ धावा ठोकल्या आणि ऑस्ट्रेलियाने २०५चं लक्ष्य २९ षटकांच्या आत दोनच विकेट गमावून गाठलं. चेंडू उसळत होता, पण उसळी सारखी होती.

हा वाद आपण न्याय-अन्यायाच्या अंगाने घालतो, तिथेच चुकतो. यजमानाने आपल्या ताकदीची खेळपट्टी करावी, त्यात गैर काहीच नाही. प्रश्न असा आहे, की आखाडा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच चेंडू वळवणारी कोरडी खेळपट्टी, केल्याने आपण जिंकतो का? २००४पासूनच्या भारत-ऑस्ट्रेलिया कसोट्या ओळीने पाहिल्या, तर उत्तर येतं: पाहुण्याला त्याचा फायदा आपल्यापेक्षा जास्त होतो.

याचं कारण मातीत आहे. खेळपट्टी म्हणजे २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद, दाबून घट्ट केलेल्या चिकणमातीचा थर. सामन्याच्या काही दिवस आधी तिला खोलवर पाणी देतात. माती ओलसर असतानाच रोलर फिरवायला घेतात आणि ती वाळत जाईल तसा जड रोलर लावतात. हे सगळं धरून ठेवतं ते गवत. इथे ज्याला काउच म्हणतात, ते आपल्या हरळीच्या म्हणजे दूर्वांच्या कुळातलं. त्याची मुळं खालची ओल वर ओढतात, त्यामुळे थर वरून खालपर्यंत सारखा वाळतो. जिवंत मुळं असलेली खेळपट्टी सहजी फुटत नाही. पहिल्या दिवशी ती वेगवान गोलंदाजाला थोडं देते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फलंदाजाला, आणि गोलंदाजांच्या पायांनी माती उकरली की चौथ्या दिवसापासून फिरकीला.

आता गवत मुळापर्यंत खरवडून काढा आणि चार-पाच दिवस आधीच पाणी तोडा. वरचा थर कडक उन्हात वाळतो, खालचा ओलाच राहतो. पापडासारखा पापुद्रा तयार होतो आणि पहिल्या तासातच तो सुटायला लागतो. नागपूरसारखी काळी माती असेल तर ती वाळताना आकसते, भेगा पडतात. वानखेडेची लाल माती उसळी देते, पण तीही भुकटी झाली की चेंडू हातभर वळतो. यातली खरी अडचण अशी, की एकाच टप्प्यावर पडलेले दोन चेंडू दोन तऱ्हेने वागतात. एक वळतो, पुढचा सरळ घुसतो. कुठला काय करेल हे गोलंदाजालाही ठाऊक नसतं, त्याला फक्त टप्पा धरायचा असतो. हवेत चेंडू तरंगवणं, वेग बदलणं, फलंदाजाला क्रीजमधून ओढून बाहेर काढणं, ही जी विद्या अश्विनने आयुष्यभर कमावली, तिची तिथे गरजच उरत नाही. चांगला आणि साधारण फिरकीपटू यांच्यातलं अंतर खेळपट्टीच बुजवून टाकते, आणि ते अंतर हीच तर आपली ताकद.

पुण्याजवळच्या गहुंजेची ऑस्ट्रेलियाविरुद्धची फेब्रुवारी २०१७ची कसोटी घ्या. आपण सलग १९ कसोट्यांत हरलो नव्हतो. स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकीपटूने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा विकेट घेतल्या. १०५ आणि १०७ मध्ये आपण गारद झालो आणि ३३३ धावांनी हरलो. पहिल्या डावात शेवटच्या सात विकेट ११ धावांत गेल्या. वळेल म्हणून खेळायला जावं तर चेंडू सरळ येत होता. ओकीफ एकूण ९ कसोट्या खेळला, ३५ विकेट घेतल्या, त्यातल्या १२ या एका सामन्यात. वानखेडेवर नोव्हेंबर २००४मध्ये तर मायकेल क्लार्कने ९ धावांत सहा जणांना टिपलं. पूर्ण कारकिर्दीत त्याच्या कसोटी विकेट ३१ आहेत. तो सामना आपण १३ धावांनी जिंकलो, कारण १०७चा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाही ९३ वर कोसळली. एवढ्या कमी फरकाने मिळालेला विजय ही नाणेफेकच म्हणायची.

इंदूरला २०२३मध्ये मॅथ्यू कुनमनने १६ धावांत पाच घेतले, नेथन लायनने दुसऱ्या डावात ६४ धावांत आठ, आणि आपण नऊ विकेटनी हरलो. त्याच मालिकेत नागपूरला काय झालं? ऑस्ट्रेलिया १७७ आणि ९१, मध्ये आपल्या ४०० धावा, रोहितचं शतक, आणि डावाने विजय. ज्या खेळपट्टीवर एक संघ ४०० करतो ती आखाडा नव्हे. इथल्या पेपरांनी आरडाओरडा केला तो नागपूरवर, पण ऑस्ट्रेलिया जिंकली इंदूरला. या दोन स्कोअरकार्डांत सगळं आलं.

त्यातून शिकलो असतो तर २०२४मध्ये न्यूझीलंडकडून घरात ३-० अशी पाटी कोरी झाली नसती. पुण्यात मिचेल सँटनरच्या १३ विकेट, वानखेडेवर मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलच्या ११. नोव्हेंबर २०२५मध्ये कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ करायच्या होत्या, ९३ झाल्या, आणि सायमन हार्मरने सामन्यात आठ विकेट घेतल्या. प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी नंतर सांगितलं, की अशीच खेळपट्टी आम्ही मागितली होती. प्रामाणिक उत्तर आहे, पण निर्णय चुकलेला आहे.

हाच नियम उलट्या बाजूने मेलबर्नला लागू झाला. तिथली खेळपट्टी तयार करणारे क्युरेटर मॅथ्यू पेज यांनी पुढचे दिवस उन्हाचे आहेत या अंदाजाने १० मिलिमीटर गवत ठेवलं. खेळपट्टी पाचही दिवस टिकावी एवढाच हेतू होता, पण पहिल्या दिवसापासून चेंडू शिवणीवर पडून हवा तसा हलत राहिला. २०११नंतर इंग्लंडने ऑस्ट्रेलियात एक कसोटी जिंकली नव्हती. ऑस्ट्रेलियाने मालिका ४-१ घेतली, आणि गमावलेली ती एकच कसोटी याच अतिरेकी खेळपट्टीवर.

एक फरक मात्र इकडून ठळक दिसतो. इथे क्युरेटर सामन्याच्या आधी पत्रकारांसमोर बसतो, गवत किती, ओल किती ते सांगतो. मेलबर्नची कसोटी संपल्यावर दुसऱ्या दिवशी पेज स्वतः कॅमेऱ्यासमोर आले आणि हे बघून आपल्याला धक्का बसल्याचं त्यांनी मान्य केलं. छोट्या कसोट्या धंद्याला मारक, असं ऑस्ट्रेलियन बोर्डाचे प्रमुख टॉड ग्रीनबर्ग उघड म्हणाले. भारतात क्युरेटर अबोल असतो आणि बोलतो तो कर्णधार किंवा प्रशिक्षक. पाणी शेवटचं कधी दिलं आणि गवत कधी कापलं, हे संघटनेने आधीच जाहीर करावं. अर्ध्या शंका तिथेच मिटतील.

आता परदेशातल्या विजयांकडे. ऑस्ट्रेलियात मालिका जिंकायला आपल्याला १९४७ ते २०१९ एवढा काळ लागला. विजय हजारे यांनी १९४८मध्ये ॲडलेडला एकाच कसोटीत ११६ आणि १४५ केल्या, तरी मालिका ४-० गेली. १९७७-७८ला चंद्रशेखरच्या जोरावर मेलबर्न जिंकलं, १९८१ला कपिलच्या. पण मालिका जिंकली ती २०१८-१९मध्ये, आणि ती चेतेश्वर पुजाराने १२५८ चेंडू खेळून काढल्यामुळे. आपल्याकडे ज्याला ‘टुकटुक’ म्हणून हिणवलं, त्याच खेळाने इथले गोलंदाज दमले. जानेवारी २०२१मध्ये सिडनीला शेवटच्या डावात आपण १३१ षटकं खेळून सामना वाचवला. विहारीने १६१ चेंडूंत २३, अश्विनने १२८ चेंडूंत ३९. कमिन्स, हेझलवूड, स्टार्क, लायन हेच चौघे चारही कसोट्या खेळत होते. ब्रिस्बेनच्या शेवटच्या डावात स्टार्कला एकही विकेट मिळाली नाही आणि ऋषभ पंतने तिथलं गॅबा मैदान जिंकून दिलं. ब्रिस्बेनच्या त्या विजयाची निम्मी कमाई सिडनीत झाली होती.

हा चिवटपणा, मुंबईच्या भाषेत खडूसपणा, कुठे घडतो? मार्च २०१७मध्ये रांचीला पुजारा ५२५ चेंडू खेळला, २०२ केल्या, सामना अनिर्णित राहिला. त्याआधी २००१ला कोलकात्याच्या ईडनवर लक्ष्मणने ४५२ चेंडूंत २८१ केल्या होत्या, चौथा पूर्ण दिवस तो आणि द्रविड खेळले, आणि मग पाचव्या दिवशी हरभजनला खेळपट्टीने साथ दिली. पाच दिवसांच्या खेळपट्टीवरच असा फलंदाज तयार होतो. आखाड्यावर तो तयार होत नाही. तिथे दोन तासांत बाद व्हायचंच आहे, तर ३० चेंडूंत ४० मारून घ्याव्यात, हेच शहाणपण ठरतं. ती सवय मेलबर्नला घेऊन आलं की डिसेंबर २०२४सारखं होतं: चहापानानंतर शेवटच्या सात विकेट ३४ धावांत, आणि वाचवता येण्यासारखा सामना गेला.

त्या ३-१ पराभवानंतर घरी चर्चा झाली ती रोहित आणि कोहलीची. दोघांनी रणजी खेळावी म्हणून दबाव आला, रोहित बीकेसीवर जम्मू-काश्मीरविरुद्ध उतरला, ३ आणि २८ करून परतला. एका सामन्याने काय साधणार होतं? रणजी एसजी कंपनीच्या चेंडूने खेळली जाते. एसजीची शिवण पूर्ण हाताने घातलेली, ठसठशीत, बराच वेळ उभी राहणारी. ऑस्ट्रेलियात वापरतात त्या कूकाबुरा चेंडूच्या शिवणीच्या बाहेरच्या रांगा मशीनच्या असतात, २०-२५ षटकांत त्या बसतात. म्हणून इथे पहिली २५ षटकं निभावणं आणि मग मोठी खेळी करणं हा वेगळा धडा आहे. त्यातलं पहिलं काम उसळीची उंची ओळखून चेंडू न खेळता सोडणं. मुंबईत ज्या टप्प्याचा चेंडू मधली यष्टी उडवतो, तोच पर्थला यष्टींवरून जातो. हे डोळ्यांना आणि पायांना हजारो चेंडूंनंतर कळतं. ऑस्ट्रेलियाने इंग्लंड दौऱ्यांसाठी २०१६ ते २०२० शेफील्ड शील्ड या आपल्या देशांतर्गत स्पर्धेचा अर्धा हंगाम इंग्लंडमधल्या ड्यूक चेंडूने खेळवला. आपण रणजीच्या दोन-तीन फेऱ्या कूकाबुराने का खेळवू नयेत?

गोलंदाजीचंही तेच. बुमराने ३-१ने गमावलेल्या त्या दौऱ्यात १३.०६च्या सरासरीने ३२ विकेट घेतल्या, १५० हून जास्त षटकं टाकली, आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीच्या दुखण्याने तो चेंडू हातात घेऊ शकला नाही. त्याच्यामागे उभा राहणारा तिसरा-चौथा वेगवान गोलंदाज तयार व्हायला, त्याला घरच्या कसोटीत दिवसाला १५ षटकं टाकायला मिळावी लागतात. आखाड्यावर त्याच्या हाती चेंडू येतो पाच षटकांसाठी.

चांगलं उदाहरण मुंबईतच आहे. डिसेंबर २०२३मध्ये वानखेडेवर भारतीय महिलांनी ऑस्ट्रेलियाला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. ऑस्ट्रेलिया २१९ आणि २६१, आपल्या ४०६, स्नेह राणाच्या सात विकेट, चौथ्या दिवशी आठ विकेटनी विजय. धावाही झाल्या, चेंडूही वळला, आणि चांगला संघ जिंकला.

ठरलेल्या कार्यक्रमाप्रमाणे २०२७च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा संघ पाच कसोट्यांसाठी भारतात येईल. मधल्या पट्ट्यावर गवताची मुळं जिवंत ठेवा, ते बारीक कापा पण खरवडू नका. सामन्याच्या दोन दिवस आधीपर्यंत हलकं पाणी चालू ठेवा. दोन्ही टोकांना, जिथे गोलंदाजांचे पाय पडतात, तिथे माती कोरडी असू द्या, म्हणजे चौथ्या दिवशी जडेजाला आणि वॉशिंग्टन सुंदरला खड्डे मिळतील. पहिल्या डावात ४०० करायची संधी आपल्या फलंदाजांनाही मिळू द्या. जानेवारीच्या थंडीत सकाळचा पहिला तास सिराजला मदत होईल, ती होऊ द्या.