माया संपलेला ब्लाउज

"फोटोला गाऊन घालणार?" सासूबाईंनी विचारलं आणि कणकेचा गोळा परातीतच थांबला.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे गाऊन म्हणजे बाहीला हळदीचा डाग, खिशात मोबाइल, आणि दारात दूधवाला आला की वरून ओढणी. ज्या कपड्यात आपण कचऱ्याची बादलीसुद्धा दार अर्धंच उघडून देतो, तो घालून पैसे मोजून फोटो काढायचे, हे त्यांच्या पचनी पडणं कठीण होतं. "तसला नाही हो आई, लांब शेपटीचा असतो," असं मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे फरशी पण पुसून निघेल."

ही सगळी कृपा नणंदेची. ती बेंगळुरूला असते. आम्हा दोघांना तिने मॅटर्निटी शूट, म्हणजे गरोदरपणातलं फोटोसेशन, भेट दिलं. पैसे आधीच भरलेले, परत मिळणार नाहीत. आमच्यासारख्या घरात यापुढे 'करायचं की नाही' हा प्रश्नच उरत नाही.

फोटोग्राफर मुलीचा फोन आला. अठ्ठावीस ते बत्तीस आठवडे हा काळ उत्तम, म्हणाली. पोट छान गोल दिसतं आणि मॅमना उभंही राहता येतं. माझा एकतिसावा चालू होता, म्हणजे रविवार एकच हातात. मग तिने सूचनांचा भलामोठा मेसेज पाठवला. कापड एकरंगी हवं, बारीक प्रिंट नको, त्यात पोटाचा गोल हरवतो. अंगासरशी बसणारं हवं. रंग : सेज, पीच, न्यूड, वाइन. सासूबाईंनी चष्मा लावून हा मेसेज मोठ्याने वाचला. 'न्यूड'ला सासरे पेपर उचलून गॅलरीत गेले. 'वाइन'ला आजेसासूबाई दचकल्या, "या दिवसांत?" सेज म्हणजे हिरवाच, असं सांगून मी फोनवर रंग दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. "हा हिरवा उन्हात राहिलाय कुठेतरी."

माझ्या आईचाही असा एक फोटो आहे. 1991 सालचा, साताऱ्यातल्या स्टुडिओतला. डोहाळजेवणाची हिरवी साडी, अंगभर फुलांची वाडी, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं मोगऱ्याचं. आणि ती बसलीय चंदेरी कागद चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीत. कोर तिच्या पुढ्यात अशी बेताने आणलेली की तिचं पोट मुळीच दिसत नाही. फोटो पाहिला तर चंद्रालाच सातवा लागलाय असं वाटतं. त्या चंद्रामागे मी आहे.

योगायोग बघा, त्याच 1991 च्या ऑगस्टमध्ये तिकडे अमेरिकेत 'व्हॅनिटी फेअर' मासिकाच्या मुखपृष्ठावर हॉलिवूडची नटी डेमी मूर आली. सात महिन्यांची गरोदर, आणि अंगावर दागिने सोडले तर काही नाही. अ‍ॅनी लीबोव्हिट्झने काढलेला तो फोटो काही दुकानांनी कागदात गुंडाळून विकला. या शूटबिटची फॅशन तिथून पसरली म्हणतात. मला मात्र त्या बाईचा हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. काय घालायचं हा प्रश्न तिने मुळातूनच निकालात काढला होता.

मला तो पर्याय नव्हता. मी कपाट उघडलं.

लग्नातला पैठणीवरचा ब्लाउज शिंप्याने चांगली दीड इंच माया ठेवून शिवला होता. "ताई, पुढे लागेल," असं तो तेव्हा दूरदृष्टीने म्हणाला होता. ती माया चौथ्या महिन्यात संपली. आता हुक आणि त्याचं घर यांच्यात चार बोटांचं अंतर होतं आणि दोघांची भेट या जन्मी शक्य नव्हती. साडीचा प्रश्न त्याहून गहन. निऱ्या खोचायच्या कुठे? पोटाच्या वर खोचल्या तर साडी घोट्याच्या वर, भातलावणीला निघाल्यासारखी. पोटाच्या खाली खोचल्या तर दर दहा पावलांनी सगळा डोलारा खाली. एरवी माझ्या सहावारीला सात निऱ्या यायच्या, आता चार येईनात. उरलेलं कापड पोटाच्या प्रदक्षिणेत खर्ची पडत होतं.

"म्हणून नऊवार नेसायचं," आजेसासूबाई म्हणाल्या. "आम्हाला कुठे परकर आणि नाडी? गाठ महिन्यागणिक वर सरकवायची. बाळंत होईस्तोवर तेच लुगडं." मी विकतची शिवलेली नऊवारी आणून दाखवली. तिचं इलॅस्टिक त्यांनी दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, सोडलं, आणि "हा लेंगा आहे," एवढंच बोलून विषय संपवला.

नणंदेने बेंगळुरूहून काळा रंग सुचवला. काळ्यात माणूस बारीक दिसतो म्हणे. अगं, सातव्या महिन्याचं पोट बारीकच दाखवायचं तर फोटो काढायचा कशाला? शिवाय आमच्याकडे गरोदर बाईने काळं नेसायचं ते फक्त संक्रांतीला, आणि हा श्रावण होता. मग गुलाबी म्हटलं तर शेजारच्या काकू डोळे बारीक करून, "म्हणजे कळलं का तुम्हाला?" निळं म्हटलं तर त्याच काकू नुसत्याच गोड हसल्या. 1994 च्या कायद्याने गर्भलिंग सांगायला बंदी आहे. आमच्या सोसायटीने ते माझ्या ओढणीवरून काढायचं ठरवलं होतं. तिकडे बर्फी-पेढ्याच्या वाट्या डोहाळजेवणात झाकून ठेवतात, त्या तरी बऱ्या. कपडे झाकून कुठे ठेवणार?

नवऱ्याने आपला पांढरा शर्ट चार मिनिटांत ठरवला. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

बांगड्यांसाठी कासाराकडे गेले. लग्नात मला दोन-चार मापाच्या बांगड्या सहज चढल्या होत्या. कासारकाकांनी माझे सुजलेले हात बघितले, काही न बोलता दोन-आठचा डबा खाली काढला. एवढा समजूतदार माणूस त्या आठवड्यात दुसरा भेटला नाही.

रविवारी धो धो पाऊस. बाहेरच्या फोटोंचा बेत रद्द, सगळं स्टुडिओत. सकाळपासून घट्ट नाडी किंवा इलॅस्टिक नको, पोटावर वळ उठले की ते फोटोत दिसतात, अशी ताकीद होती. त्यामुळे नवऱ्याचा सैल पायजमा, त्याचाच झब्बा आणि पाय मावत नसल्याने त्याच्याच चपला, अशा थाटात मी स्वतःच्या सौंदर्याचे फोटो काढायला निघाले. सोबत सासूबाई, हातात पिनांची डबी.

स्टुडिओत भाड्याचे गाऊन होते. फ्री साइझ. हा प्रकार कुणाच्याच मापाचा नसतो, म्हणून फ्री. वाइनच्या रंगातला एक कसाबसा चढला. मागे तीन मीटर शेपूट. मदतनीस मुलगी "वन, टू, थ्री" म्हणून ते हवेत उडवायची आणि त्या क्षणी मी स्वप्नाळू दिसायचं. पण सातव्या महिन्यातल्या बाईला स्वप्नं पडतात ती बाथरूमची. दर वीस मिनिटांनी मी निघायचे, शेपूट गोळा करून ती मुलगी मागून, आणि दार लोटून घेतलं की बाहेर ती शेपूट हातात धरून उभी, छत्रचामरं सांभाळणाऱ्या सेवकासारखी. "मॅम, झालं?" "नाही गं, हे वर किती धरायचं?" असे आमचे संवाद सगळा स्टुडिओ ऐकत होता.

नवऱ्याला माझ्यामागे उभं केलं. "मॅम, पोट थोडं पुढे. सर, तुमचं थोडं आत." सासूबाई त्या दिवसात पहिल्यांदा खळखळून हसल्या.

शेवटी साडी. आईची हिरवी इरकल, ब्लाउजच्या जागी एक ताणला जाणारा टॉप, हातात दोन-आठच्या बांगड्या, केसांत गजरा. आणि इथे खरं युद्ध पेटलं. फोटोग्राफर पदर बाजूला करायची, सासूबाई पुढे होऊन पोटावर ओढायच्या. ती पुन्हा बाजूला, या पुन्हा पुढे, तोंडाने "दृष्ट लागते गं बाई." असं सहा वेळा झालं. सातव्यांदा त्यांनी पिनच लावली. फोटोग्राफरने त्यांना चहा प्यायला बाहेर पाठवलं आणि तेवढ्यात भराभर काढून घेतलं.

पंधरा दिवसांनी फोटो आले. इरकलीतला एक मलाही आवडला. गोल, ठसठशीत पोट, त्यावर दोन्ही हात, पदर मागे. सासूबाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि "पाठव मला," म्हणाल्या. मी चाटच पडले.

संध्याकाळी त्यांचा डीपी बदललेला दिसला. तोच फोटो, बोटांनी ताणून मोठा केलेला. त्या इवल्याशा गोलात माझा चेहरा, अर्धा गजरा आणि हनुवटीखाली बोटभर हिरवं. आईला दाखवला, तर म्हणाली, "छान आलाय गं. साडी कुठली नेसली होतीस?"