हजारो कोअर असताना डिकोडर वेगळा कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ग्राफिक्स चिपमधल्या व्हिडिओ डिकोडरवरचा, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या सर्किटवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून स्वतंत्रच लिहिते आहे. तुमचे मुद्दे तीन. ग्राफिक्स कार्डात हजारो कोअर, म्हणजे गणित करणारे छोटे घटक, असताना व्हिडिओसाठी वेगळं सर्किट ठेवणं ही विक्रीची युक्ती आहे. हार्डवेअर डिकोडिंगने चित्राचा दर्जा घसरतो. आणि नवा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची नवी पद्धत, आला की ते सर्किट निकामी होतं, त्यापेक्षा सॉफ्टवेअर बरं. पहिले दोन मला अजिबात मान्य नाहीत. तिसऱ्यात मात्र दम आहे.

एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, उलगडायची म्हणजे काय काय करावं लागतं ते आधी पाहू. फाइलमधले बिट वाचून त्यांतून आकडे काढायचे. त्या आकड्यांवर उलटं गणित करून पिक्सेलमधले फरक काढायचे. आधीच्या फ्रेममधले तुकडे उचलून योग्य जागी बसवायचे आणि त्यांत हे फरक मिळवायचे. एच.२६४ या कोडेकपासून आणखी एक काम वाढलं, तुकड्यांच्या कडा दिसू नयेत म्हणून त्या गुळगुळीत करायच्या. ग्राफिक्स चिपांनी हे ओझं उचललं ते शेपटाकडून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पीसीवर डीव्हीडी बघताना प्रोसेसरची दमछाक व्हायची, त्यासाठी एमपेग-२ची, म्हणजे डीव्हीडीवरच्या कोडेकची, वेगळी कार्डंही मिळायची. मग एटीआयच्या रेज प्रोसारख्या चिपांनी तुकडे बसवण्याचं काम, म्हणजे मोशन कॉम्पेन्सेशन, अंगावर घेतलं. १९९८च्या रेज १२८ने त्याआधीचं उलटं गणितही घेतलं. अगदी पहिली पायरी, बिट वाचण्याची, तेवढी प्रोसेसरकडे राहिली. एच.२६४च्या बाबतीत एनव्हिडिया आणि एटीआय या दोघांच्याही कार्डांत ती २००७ उजाडेपर्यंत तिथेच होती.

का राहिली, यातच तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर आहे. एच.२६४मध्ये बिट वाचायची जी जास्त दाबून बसवणारी पद्धत आहे, तिचं नाव कॅबॅक. ती प्रत्येक चिन्ह शून्य असेल की एक याचा अंदाज बांधत पुढे जाते, आणि एकेक चिन्ह उलगडलं की तो अंदाज सुधारते. पुढचं चिन्ह कुठल्या अंदाजाने वाचायचं हेसुद्धा आत्ताच वाचलेल्या चिन्हावर ठरतं. गाण्याच्या भेंड्यांसारखंच हे: आधीचं गाणं संपल्याशिवाय पुढचं अक्षर कळत नाही, मग समोर हजार गायक बसवा. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये १६ बाय १६ पिक्सेलचे ८१६० चौकोन असतात. प्रत्येकाचा प्रकार, तो आधीच्या फ्रेममधून कुठून उचलायचा ते, त्यातले उरलेले फरक, सगळं याच साखळीत ओवलेलं. ब्लू-रेवर व्हिडिओचा वेग सेकंदाला ४ कोटी बिटांपर्यंत जातो. फ्रेमचे स्लाइस, म्हणजे स्वतंत्रपणे वाचता येणारे भाग, पाडून साखळी तोडता येते हे खरं, आणि ब्लू-रेच्या नियमांत वरच्या पातळीच्या व्हिडिओला निदान चार स्लाइस लागतातच. पण चार साखळ्या म्हणजे चार कोअरना काम. बाकीचे बसूनच राहणार. ग्राफिक्सचे कोअर एकेकटे संथ असतात, त्यांची ताकद झुंडीत. इथे झुंडीला वावच नाही. म्हणून अरुंद, पण एकाच कामासाठी घडवलेलं सर्किट लागतं.

विक्रीची युक्ती असती तर हे सर्किट सगळ्यात आधी सगळ्यात महाग कार्डात दिसलं असतं. झालं नेमकं उलटं. नोव्हेंबर २००६मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स ८८०० जीटीएक्समध्ये १२८ कोअर होते, पण एच.२६४चे बिट वाचायचं सर्किट नव्हतं. एप्रिल २००७मध्ये आलेल्या, कितीतरी स्वस्त ८६०० जीटीएसमध्ये कोअर जेमतेम ३२, पण ते सर्किट होतं. एटीआय विकत घेतलेल्या एएमडीकडे त्याच वर्षी तसंच घडलं: रेडिऑन एचडी २९०० एक्सटी या थोरल्या कार्डात यूव्हीडी हा डिकोडर नव्हता, धाकट्या २४०० आणि २६००मध्ये होता. पुढे २०१४च्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९८०मध्ये एचईव्हीसी या एच.२६४नंतरच्या कोडेकचं काम अर्धं सर्किटवर, अर्धं कोअरवर अशी तडजोड होती. जानेवारी २०१५मध्ये निम्म्या कोअरचं ९६० आलं आणि ते पूर्ण काम सर्किटवर करू लागलं. डिकोडर किमतीवर ठरत नाही. चिप कधी आखली गेली यावर तो ठरतो.

दर्जाचा मुद्दा थोडक्यात. एच.२६४मधलं उलटं गणित पूर्णांकांचं आहे आणि प्रमाणाने ते शेवटच्या बिटापर्यंत बांधून दिलंय. प्रमाण पाळणारा कुठलाही डिकोडर, सॉफ्टवेअर असो वा हार्डवेअर, तीच फ्रेम काढतो. तुम्हाला फरक दिसला असेल तर तो डिकोडिंगनंतरचा: आकार बदलताना, इंटरलेस (एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र) काढताना, किंवा काळ्या-पांढऱ्याची मर्यादा १६ ते २३५ धरायची की ० ते २५५ यातल्या गोंधळातून आलेला. शिवाय हार्डवेअर एन्कोडरची, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या सर्किटची बदनामी डिकोडरच्या माथी मारली जाते. एन्कोडरला हजार निवडी कराव्या लागतात, तिथे दर्जा खरंच कमीजास्त होतो.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे मी बरीचशी तुमच्या बाजूची आहे. सर्किटला नवा कोडेक शिकवता येत नाही. एव्ही१ या कोडेकचं प्रमाण २०१८मध्ये आलं, आणि पीसीच्या ग्राफिक्समध्ये त्याचा डिकोडर २०२०मध्ये दिसू लागला: इंटेलच्या टायगर लेकमध्ये, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेत, एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६०००मध्ये. त्याआधी घेतलेली सगळी यंत्रं त्याला मुकली. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे जानेवारी २०२२चं आरएक्स ६५०० एक्सटी. त्याच मालिकेतलं, नंतर आलेलं, तरीही एव्ही१चा डिकोडर वगळलेला. स्वस्त कार्ड घेणाऱ्यालाच जुना प्रोसेसर सांभाळायचा असतो, आणि नेमका त्यालाच हा डिकोडर हवा असतो. असं करायला नको होतं, हे मी ठामपणे म्हणेन.

तुम्ही उल्लेख केलेल्या डेव्हिडबद्दल, म्हणजे एव्ही१च्या सॉफ्टवेअर डिकोडरबद्दल, मलाही आदर आहे. व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या मंडळींनी हाताने असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट सूचना) लिहून एव्ही१ साध्या प्रोसेसरवर पळवून दाखवलं. डेस्कटॉप असेल, वीज भिंतीतून येत असेल, तर सॉफ्टवेअर पुरेसं आहे. लॅपटॉपवर मात्र तोच सिनेमा सॉफ्टवेअरने लावला की प्रोसेसर सतत जागा राहतो, पंखा फिरू लागतो, बॅटरी उतरते. डिकोडरचं सर्किट तेच काम करतं तेव्हा प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेला असतो.

जमलं तर एक करून पाहा. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्‌स’ उघडा, कोडेक दिसेल. विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखालचा ‘व्हिडिओ डिकोड’ आलेख शेजारी ठेवा. आलेख सपाट आणि सीपीयूचा आकडा वर असेल, तर तुमची चिप तो कोडेक ओळखत नाही, किंवा ब्राउझरमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद आहे. कोडेक आणि चिपचं नाव इथेच लिहा, यातलं नेमकं काय झालंय ते मिळून शोधू.