बरं झालं, झोप लागते!

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, "यंदा एवढा पाऊस झाला, पण मागच्या प्लॉटवर बेडूक ओरडलेच नाहीत." मिनिटाभरात बी विंगच्या काकांचं उत्तर आलं, "बरं झालं, झोप लागते." त्यावर धडाधड अंगठे. पुण्यात राहायचं तर एवढं सोसावंच लागतं.

मागच्या प्लॉटवरचं डबकं राडारोडा टाकून बुजवलंय, त्यामुळे तिथल्या शांततेचं कारण शोधायला शास्त्रज्ञ नको. पण दौंडकडे मामाच्या उसात डबकीही आहेत, पाणीही आहे, आणि "पयल्यासारखं वरडत न्हाईत" हे मामाच म्हणतो. एका माणसाच्या कानावरून शास्त्र ठरत नाही, मान्य. पण त्या वाक्यामुळे मी ॲट्राझिनच्या मागे लागलो.

ॲट्राझिन म्हणजे उसात आणि मक्यात मारतात ते तणनाशक. लागवड झाली की दोन-चार दिवसांत, जमीन ओली असताना फवारायचं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ टायरोन हेज यांनी झेनोपस जातीच्या आफ्रिकन बेडकांचे बेडूकमासे ॲट्राझिन मिसळलेल्या पाण्यात वाढवले. लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम इतक्या कमी प्रमाणातही काही बेडकांत वृषण आणि अंडाशय दोन्ही सापडले. 0.1 मायक्रोग्रॅम म्हणजे किती? उन्हाळ्यात आपल्या दारात येतो तसे दहा हजार लिटरचे हजार टँकर उभे करा, आणि त्या सगळ्यात मिळून एक ग्रॅम पावडर टाका. प्रमाण दहापट केलं तेव्हा नरांचा स्वरयंत्राचा स्नायूच लहान राहिला. म्हणजे ज्याच्या जोरावर मादीला हाक मारायची, तेच दुबळं.

2010 मधला प्रयोग त्याहून विलक्षण. जनुकांनी नर असलेले 40 बेडूक लिटरला 2.5 मायक्रोग्रॅम ॲट्राझिनच्या पाण्यात वाढवले. त्यातल्या 4 जणांच्या पूर्ण माद्या झाल्या, त्यातल्या दोघींनी साध्या नरांशी जोडी जमवून अंडीही घातली. पिल्लं सगळी नर, कारण आई-बाप दोघंही मुळात नरच! हेज यांच्या मते ॲट्राझिनमुळे अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) वाढतं आणि टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन इस्ट्रोजेन या मादीच्या हार्मोनमध्ये बदलत जातं. (एकेकाळी बायकांची गर्भचाचणी याच झेनोपसवर करायचे. गरोदर बाईची लघवी टोचली की मादी अंडी घालायची. आपले आणि त्यांचे हार्मोन काही फार परके नाहीत.)

आता दुसरी बाजू. हेज यांनी सुरुवातीचं काम ॲट्राझिन बनवणाऱ्या कंपनीसाठीच केलं होतं, मग दोघांचं फाटलं. कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासांत हे परिणाम दिसले नाहीत, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2007 मध्ये बेडकांच्या जननग्रंथींवर परिणाम होत नाही असा निर्वाळा दिला. युरोपने मात्र भूजलात सापडतं म्हणून ते बाजारातून काढलं. तिथली मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात ती 2 आहे.

कुणी पाणी "मर्यादेत आहे" म्हणालं, की माझं भांडण त्या शब्दांशीच आहे. ती मर्यादा माणसाच्या पेल्यासाठी ठरवलेली. बेडूकमासा पाणी पीत नाही, तो त्यात राहतो. आणि वेळ बघा ना! पहिल्या मोठ्या पावसात बेडूक डबक्यात अंडी घालतात, पुढच्या काही आठवड्यांत पिल्लाचं नर-मादीपण घडतं. आपल्याकडे खरिपाचा मका आणि आडसाली उसाची लागण नेमकी तेव्हाच. सरीतलं पाणी वाहून बांधाकडेच्या डबक्यात जमतं, आणि त्या पिल्लाला तिथून हलता येत नाही. जानेवारीत नदीच्या पाण्याची बाटली भरून तपासली तर यातलं काय दिसणार? तपासायचं तर जून ते ऑगस्टमधलं शेतातलं डबकं तपासा. शहरात प्राणिशास्त्राचे एवढे विभाग आहेत, आणि दौंडला जायला दोन तास पुरतात.

2020 च्या मे महिन्यात केंद्राने 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझिन होतं. मामाच्या गावच्या दुकानात ते आजही मिळतं. मामाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "आरं, खुरपायला बाया कुठं मिळत्यात आता? तुझ्या बेडकापायी मी बसू व्हय खुरपं घेऊन?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोथरूडच्या कट्ट्यावर बसून शेतकऱ्याला शिव्या घालणाऱ्यांनी आधी एक दिवस उसात खुरपून बघावं.

परवा त्याचा फोन आला. ओढ्याकडच्या चार सऱ्या यंदा बिनफवारणीच्या ठेवल्यात. "तण गुडघ्याला लागलंय. तुझी बेडकं, तूच ये खुरपायला."

रविवारी सकाळी निघतोय. गाडीत दोन जागा आहेत. काका, येताय का?