चषक हवाय? मग आधी हिशेबनीस आणा

अभिनंदन, फुटबॉल क्लब तुमचा झाला! पहिल्या पत्रकार परिषदेत ‘आम्ही आमचीच पोरं घडवणार’ असं ठणकावून सांगा आणि आठवड्याभरात १० कोटी पौंडांचा स्ट्रायकर आणा. आकड्याला भिऊ नका. क्लबने कमाईच्या मानाने किती खर्च करावा याला नियमांची मर्यादा असते, पण ती मोजतात वहीतल्या आकड्यांवर. आणि पैसे मोजणं वेगळं, खर्च दाखवणं वेगळं. करार पाच वर्षांचा असला तर वहीत दरवर्षी २ कोटीच चढतात. २०२३ पर्यंत तर आठ वर्षांचा केला की सव्वा कोटीच चढायचे. चेल्सी या इंग्लिश क्लबने २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेस या खेळाडूला साडेआठ वर्षांसाठी बांधून घेतलं, ते काही निव्वळ प्रेमापोटी नव्हे. त्याच वर्षी आधी यूएफाने (युरोपातल्या फुटबॉलची नियामक संस्था) आणि मग प्रीमियर लीगने (इंग्लंडची अव्वल लीग) ही वाटणी पाच वर्षांवर आणून ठेवली. रसिकता उरली नाही, दुसरं काय!

खर्च पसरतो, विक्रीचा नफा मात्र एका दिवसात जमा होतो, हे घोकून ठेवा. अकादमीतल्या पोराची वहीतली किंमत शून्य. त्याला ४ कोटींना विकलं की चारही कोटी यंदाचा नफा. (‘घडवणार’ म्हणालात ते यासाठीच.) दुसऱ्या क्लबलाही हीच नड असते. त्यांचा मुलगा तुम्ही ४ कोटींना घ्या, तुमचा त्यांना तेवढ्यालाच द्या. नवा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर, म्हणजे यंदाचा खर्च ८० लाख. तिजोरीतून दमडी हलली नाही आणि दोघांच्याही वहीत ३ कोटी २० लाख शिल्लक. पोरांना नव्या शहरात घर शोधावं लागतं, पण त्याचा रकाना नसतो.

पोरं संपली की इमारती काढा. चेल्सीने मैदानालगतची दोन हॉटेलं ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली, तीही आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला. पाठोपाठ महिला संघ. यूएफाने असली घरातल्या घरातली कमाई धरली नाही. २०२५ मध्ये ३ कोटी १० लाख युरोंचा दंड आला.

स्ट्रायकर चाललाच नाही तर? दोन वर्षांनी वहीत त्याचे ६ कोटी उरलेले असतात आणि बाजारात ३ सुद्धा मुश्किलीने मिळतात. विकलात की ३ कोटींचा खड्डा लगेच दिसणार. तेव्हा लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला काही काळ उसना, पाठवा, पगाराचा वाटा आपणच उचला. बार्सिलोनाने आपल्या कुटिन्होला असंच लोनवर बायर्न म्युनिककडे दिलं होतं, पगाराचा वाटा न उचलता. २०२० मध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ असं धुतलं, त्यातले शेवटचे दोन गोल त्याचेच.

पगारांकडे तर बघूच नका. लीगमधलं स्थान ट्रान्सफर फीपेक्षा (खेळाडू विकत घेण्याच्या रकमेपेक्षा) पगाराच्या एकूण बिलाशी जास्त जुळतं, असं जाणकार सांगत बसतात. खालच्या डिव्हिजनमध्ये घसरल्यास पगार कमी होईल, असं कलम करारात घालणं अपशकुनी, म्हणून गाळा. कर्ज मात्र पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेतल्या कमाईच्या भरवशावर काढा. लीड्स युनायटेडने काढलं होतं: २००१ मध्ये उपांत्य फेरी, २००४ मध्ये प्रीमियर लीगबाहेर.

एवढं करून नियमात सापडलातच आणि गुण कापले गेले, तर अपील करा. एव्हर्टन क्लबचे २०२३ मध्ये १० कापले होते, अपिलात ६ झाले. पुढे दुसऱ्या प्रकरणात आणखी २ गेले, ते सोडा. वकिलाची फी तेवढी जपून ठरवा. ती पाच वर्षांवर पसरवता येत नाही.