मे महिन्यातले पाकीट

मे महिना उजाडला की योकोहामातल्या आमच्या टपालपेटीत मोटारकराचे पाकीट येऊन पडते आणि माझे डोके दरवर्षी नव्याने फिरते. माझी निस्सान सिल्व्हिया 2001 सालची, दोन दारांची आणि दोन लिटर इंजिनाची आहे. पेट्रोलच्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून 13 वर्षे उलटली की जपानमध्ये हा कर सुमारे 15 टक्क्यांनी वाढतो, म्हणून 39,500 येनांच्या जागी मला 45,400 येन मोजावे लागतात. दर दोन वर्षांच्या सक्तीच्या तपासणीत, म्हणजे शाकेनमध्ये, भरायचा वजनकर तर 13 वर्षांनंतर एकदा आणि 18 वर्षांनंतर पुन्हा चढतो. कारण काय, तर म्हणे जुनी गाडी पर्यावरणाला भारी पडते. असेलही, पण आठवड्यातून एकदा, रविवारी पहाटे हाकोनेच्या घाटापर्यंत जाऊन येणारी ही गाडी रोज धावणाऱ्या नव्या कोऱ्या अजस्र गाडीपेक्षा जास्त धूर ओकते, हा हिशेब कोणी मांडला? कर धावलेल्या किलोमीटरवर नाही, जन्मतारखेवर! आणि नव्या गाडीचे पोलाद काय आकाशातून पडते?

यंदा दाराच्या काचेची तडकलेली रबरी पट्टी नवी मिळेना, म्हणून जुन्या बाजारातून जरा कमी तडकलेली आणली, आणि त्याच संध्याकाळी पाकीट हजर. कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे भरले. काउंटरवरच्या मुलाने पावतीवर शिक्का मारला आणि अदबीने विचारले, पिशवी हवी आहे का?