इम्प्लांटआधी हाड भरणं म्हणजे नुसतं बिल वाढवणं? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका, तुमचं म्हणणं असं की इम्प्लांटआधी, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्यात स्क्रू बसवण्याआधी, तिथे हाड भरणं (ग्राफ्ट) हे डॉक्टरांनी बिल फुगवायला काढलेलं खूळ आहे, मेव्हण्यांचा इम्प्लांट ग्राफ्टशिवाय बसला आणि मस्त चालतोय, काकूंना मात्र सायनस लिफ्ट (वरच्या दाढांवरच्या पोकळीचा, म्हणजे सायनसचा, तळ उचलून तिथे हाड भरणं) करून सहा महिने थांबायला सांगितलंय, आणि हाड म्हणून भरतात ती पावडर गाईच्या हाडाची असते हे मी माझ्या लेखात लपवलं.

मेव्हण्यांना बसला कारण त्यांचं हाड शिल्लक होतं. दात काढला की आजूबाजूचं हाड झिजायला लागतं, पहिल्या वर्षात रुंदी निम्म्यावरसुद्धा येते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते, मग ज्याने दहा वर्षं फट तशीच ठेवली त्याचा जबडा मेव्हण्यांसारखा कसा असेल? स्क्रू साधारण ४ मिमी जाडीचा, दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी हाड हवं, म्हणजे ७-८ मिमी रुंदी झाली. हिरडीवरून बोट फिरवलं तर जागा भरलेली लागते, पण सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आडवा काप काढून मोजलं की कित्येकदा वर जेमतेम ३ मिमीची धार असते. तिथे तसाच स्क्रू घातला तर गालाच्या बाजूने त्याचे आटे उघडे पडतात, हिरडी सरकते, आणि नंतर पू झाला की तोच इम्प्लांट काढायची वेळ येते, हे मी माझ्या खुर्चीत बघतो हो.

ग्राफ्ट सगळ्यांना लागत नाही हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. उंची कमी पण रुंदी चांगली असेल तर ६ मिमीचे आखूड इम्प्लांट आहेत, कधी तिरका बसवून भागतं. नुसता ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एकच सपाट एक्स-रे, बघून कोणी ग्राफ्ट सांगत असेल तर जरूर भांडा, कारण त्या सपाट फोटोत हाडाची रुंदी दिसतच नाही.

आता पावडरचं. तो लेख टाक्यांनंतरच्या काळजीवर होता म्हणून तिथे हा विषय आला नाही, पण तुम्ही काढलात ते बरं झालं. ते दाणे जाड्या रव्यासारखे दिसतात, पेशंटच्याच रक्तात कालवून भरतात. काही गाईच्या हाडाचे असतात, प्रक्रिया करून फक्त खनिज उरवलेलं, काही मानवी दात्याच्या हाडाचे, काही कारखान्यात बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे. शिवाय हनुवटीतून किंवा खालच्या अक्कलदाढेमागून स्वतःचंच हाड घेता येतं. वर जो पडदा टाकतात तो बरेचदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजनचा असतो, ते तर कोणी विचारतही नाही. समोर माळकरी बसलेत, जैन आजी आहेत, मुसलमान चाचा आहेत, त्यांना सुन्न करायचं इंजेक्शन द्यायच्या आधीच हे सांगायला पाहिजे, न सांगता भरणं मला अजिबात मान्य नाही.

काकूंचं म्हणाल तर वरच्या दाढा गेल्या की सायनस खाली उतरतो आणि मधलं हाड पातळ होतं, तेव्हा सायनसखाली किती मिमी हाड उरलंय तो आकडा स्कॅनवर दाखवायला सांगा. तो फारच कमी असेल तर सहा महिने पैसे अडकवायला सांगितलेले नाहीत, भरलेल्या दाण्यांत नवं हाड धरायला तेवढा वेळ लागतोच. आणि काकू हाडं ठिसूळ झाल्याची आठवड्याची गोळी किंवा इंजेक्शन घेत असतील तर ते दाताच्या डॉक्टरांना आधीच सांगा, जबड्याच्या ऑपरेशनला त्याने फार फरक पडतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.