खाली गाव आहे

सकाळपासून डोकं फिरलंय. चहा गार झाला, कणीक मळायची राहिली, पण आधी हे लिहिते मगच ओट्याकडं जाते.

आमच्या लातूरच्याच ओळखीतल्या एका मुलीनं काल रात्री रील टाकलंय, उत्तराखंडातल्या उत्तरकाशीकडचं. वीस-पंचवीस तंबू, मागं देवदार, मधून खळखळ वाहणारा ओढा, आणि त्या ओढ्याच्या काठावर आपले दहा-बारा लोक उकिडवे बसून जेवलेले ताटं धुवायलेत. हिरव्या लिक्विडनं. फेस पाण्यावर बसून खाली चाललाय, वर गाणं लावलंय आणि लिहिलंय काय तर 'स्वर्ग'. कुणीतरी बिचाऱ्यानं कमेंटमधी विचारलं की अहो साबण कशाला वाहत्या पाण्यात, तर कॅम्पला नेणाऱ्या साहेबांचं उत्तर, 'काळजी नसावी, इथं पाणी भरपूर आहे.'

पाणी भरपूर आहे. हे लातूरचा माणूस म्हणायलाय!

माझ्या लिस्टमधल्यांना 2016 सांगायची गरज नाही, तुम्ही सगळे त्या रांगेत होतात. आपल्याला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, टँकर भरायच्या ठिकाणी भांडणं व्हायली म्हणून मार्चमधी कलेक्टरनं 144 लावलं. पाण्यासाठी जमावबंदी, आपल्या गावात. मग 12 एप्रिलला मिरजेहून ती पाण्याची रेल्वे आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर, आणि लोक स्टेशनवर नुसती ती बघायला गेले, जशी माहेरची माणसं बघायला जावं तसे. आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. आई तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात धरायची, त्यात भाजी धुवायची, त्याच पाण्यात भांडे पहिल्यांदा विसळायची, आणि शेवटी ते तुळशीला. एक घोट पाणी चार वेळा वापरलेला आहे मी. तुम्ही पण वापरलाय. म्हणून ते 'भरपूर' वाचून माझ्या पोटात कालवलं.

आणि मला एवढा राग का आला ते पण सांगते, लपवत नाही. कारण तेच ताट मी पण धुतलंय. त्याच भागात, तशाच ओढ्यात, साबण लावून.

मे 2022. आम्ही 22 जण गेलो होतो, लातूर, औसा, उदगीरचे, दोघी नांदेडच्या. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, वाटेत स्टेशनवर लंगरचं गरम जेवण, मग हरिद्वार, मग दिवसभर बस, उत्तरकाशी, भटवाडी आणि वर रैथल गाव. दयारा बुग्यालला जायचं होतं. बुग्याल म्हणजे झाडं संपली की त्याच्या वरचं गवताचं माळ, अकरा हजार फुटांच्या आसपास, समोर बंदरपूंछ शिखर पांढरंशुभ्र. आपलं लातूर दोन हजार फुटांवर, त्यामुळं पहिल्याच दिवशी श्वास तोंडातून घ्यायची पाळी आली. रैथलच्या वर चढत गेलं की बांज आणि खर्सूचं, म्हणजे तिकडच्या ओक झाडांचं, दाट जंगल लागतं, मधी मधी बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, खोडांवर शेवाळ इतकं जाड की हात रुततो. ऊन खाली पोहोचतच नाही. मी आयुष्यात असलं ओलं जंगल पाहिलं नव्हतं. आपल्याकडं जंगल म्हणलं की बाभळी, पळस, गौताळ्याचं सागवान.

आधी म्हणे लोक वर बुग्यालातच तंबू ठोकायचे. 2018 मधी उत्तराखंडच्या हायकोर्टानं तिथं रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, कारण त्या गवताची आणि मातीची वाट लागायली होती, 200 पेक्षा जास्त पर्यटक नकोत असं पण सांगितलं. चांगलंच केलं. पण मग तंबू आले खाली जंगलात, आणि जंगलात सपाट जागा आणि पाणी दोन्ही एका ठिकाणी कुठं मिळतं? झऱ्याजवळ. म्हणजे जो भार माळावर होता तो झऱ्यावर येऊन बसला, आणि झऱ्याला कोण वकील देणार.

तर ती पहिली रात्र. राजमा-चावल होता, वर आमचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी, ताटात तेलाचा थर. थंडी अशी की बोटं बधिर. मी ताट घेऊन सरळ ओढ्यावर गेले, सोबत आणलेली छोटी लिक्विडची बाटली काढली आणि घासायला बसले. मनात काय होतं सांगू? चांगलंच वाटत होतं मला. स्वयंपाकाच्या पोरांवर आपलं ओझं नको, आपलं ताट आपण धुवावं, असे घरचे संस्कार. तेवढ्यात मागून किचन टेंटमधला पोरगा आला, असंल एकोणीस-वीसचा, रैथलचाच. काहीच बोलला नाही आधी. माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, ओढ्यातून एक मग पाणी भरलं आणि वर जंगलाकडं चालायला लागला. मी मागं मागं. बरंच लांब गेल्यावर एक खड्डा होता, त्यात त्यानं आधी उष्टं झटकलं, मग राखेनं ताट पुसलं, मग त्या एका मगातलं पाणी थोडं थोडं ओतून विसळलं. एका मगात. माझी आई जसं विसळायची अगदी तसं, आधी कड, मग मधला भाग, शेवटचा घोट हातावर. आणि ताट परत देताना म्हणला, 'दीदी, नीचे हम पीते हैं.'

बास. एवढंच.

रागानं म्हणला असता तर मी पण दोन शब्द बोलले असते. माझा स्वभाव माहितीय तुम्हाला. तो रागावला नव्हता, त्याला माझी लाज वाटली होती असं मला त्या टॉर्चच्या उजेडात दिसलं.

आता ज्यांना वाटतंय की एका ताटानं काय होतंय. एक ताट नाहीये ते. तंबू वीस असले तर माणसं चाळीस, दोन वेळचं जेवण, सकाळचे दात घासणे, तोंड धुणे, कुणाला तर तिथंच मोजे धुवायचे असतात, आणि ही बॅच गेली की दुसऱ्या दिवशी दुसरी बॅच. सीझनभर. बाटलीवर 'बायोडिग्रेडेबल' लिहिलंय म्हणून दाखवतात मला. अहो, ते मातीत मुरलं तर. मातीतले जिवाणू ते खातात. बर्फाच्या वितळलेल्या वाहत्या पाण्यात कोण खाणार आहे? जगभरातले डोंगर फिरणारे एक साधा नियम सांगतात, पाण्यापासून 200 फूट लांब, म्हणजे मोठी 70 पावलं, तंबू पण, भांडे घासणं पण, संडास पण. तो रैथलचा पोरगा मला नेमकं तेवढंच चालवत घेऊन गेला होता, त्यानं कुठला कोर्स केला नव्हता.

बरं, मान्य, तसल्या थंडीत अंधारात 70 पावलं जायचं म्हणजे जीवावर येतं. जायचं तरी पण.

बायांनो, आपल्याबद्दल पण बोलायचंय, पुरुष मंडळींनी हा पॅरा सोडून पुढं गेलं तरी चालेल, वाचला तर जास्त बरं. टॉयलेट टेंटमधी खड्डा असतो, शेजारी माती आणि खुरपं, झालं की वरून माती ढकलायची. एवढं सगळ्यांना जमतं. पण त्या खड्ड्यात वेट वाइप टाकलेले, पॅड टाकलेले, मी डोळ्यानं पाहिलेत. वाइप कागदाचा नसतो, बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात, तो कुजत नाही, आणि तिथल्या थंडीत तर साधी केळीची साल पण महिनो न् महिने तशीच पडून राहती. आम्ही तिघींनी मग काळ्या पिशव्या केल्या, पिशवीत पिशवी, आणि आपापल्या सॅकमधून खाली आणल्या. चार दिवस. वास-बिस काही येत नाही नीट गाठ मारली तर. पाळी असली तर अवघड जातं हे मला कुणी शिकवू नये, पण आपली घाण आपण उचलायची का त्या एकोणीस वर्षाच्या पोरानं?

स्पीकरचं आणि शेकोटीचं लिहीत बसत नाही, त्यावर मागं भांडून झालंय माझं. शेकोटी जमिनीवर पेटवली की खालची मुळं आणि पाल्याचा थर जळतो, उत्तराखंडात उन्हाळ्यात वणवे लागतात हे पेपरात आपण दरवर्षी वाचतो, तरी 'बॉनफायर नाईट' पॅकेजमधी पाहिजेच. राहू द्या.

मला पाण्यावरच यायचंय परत. त्या रात्री झोप लागली नाही. उंचीमुळं पण असंल. तंबूच्या कापडाला आतून दव धरलेलं, शेजारची घोरायली, आणि ओढ्याचा आवाज रात्रभर. मी अंधारात पडून विचार करत होते की हे पाणी कुठं जातंय. रैथलला जातंय, तिथून खाली भागीरथीला. भागीरथी देवप्रयागला अलकनंदेला मिळती आणि तिथून पुढं तिचं नाव गंगा. म्हणजे मी ज्यात राजम्याचं तेल आणि साबण सोडला ती गंगाच की! आमच्या देवघरात आजीनं काशीहून आणलेला तांब्याचा गडू आहे, सील केलेला, अजून फोडलेला नाही. शेवटच्या घोटासाठी राखून ठेवलाय. तुमच्या पण घरी असंल. आपण गोदावरीला पण गंगाच म्हणतो, नांदेडला, गंगाखेडला, पैठणला, 'गंगेवर जाऊन येते' म्हणतो. एवढी आपल्याला गंगा प्यारी, घरात आली की गडूत, आणि ती जिथं लहान लेकरासारखी डोंगरातून उतरायली तिथं आपण तिच्या तोंडात साबण कोंबायलो. मला हे लिहिताना पण रडू यायलंय, खरं सांगते.

हां, कॅम्पमुळं तिथल्या पोरांना चार पैसे मिळतात, हे पण खरं. म्हणून त्यांनी आपल्याला काही बोलू नये असा अर्थ होत नाही.

थांबा.

आत्ता हे टाइप करतानाच त्या रीलवाल्या मुलीचा मेसेज आला. मी सकाळी तिला जरा तडकूनच लिहिलं होतं. ती लिहायली, 'ताई, मला खरंच माहीत नव्हतं. तिथं कुणी सांगितलंच नाही. सगळे धुवायलेत म्हणून मी पण गेले. मग कुठं धुवायचं असतं?'

आता काय बोलू. तेवीस वर्षाची पोरगी आहे. 2016 ला ती शाळेत होती, दप्तर पाठीवर टाकून घागरी वाहिल्यात तिनं, तिची आई आमच्याच रांगेत असायची. मला तरी कुणी सांगितलं होतं? मी चाळिशीची बाई, मला ते एका पोरानं ताट हातातून काढून घेतल्यावर कळलं. तिच्या हातातून कुणी काढून घेतलं नाही एवढाच फरक. मी तिला लगेच फोन केला, सगळं सांगितलं, राखेचं, खड्ड्याचं, 70 पावलांचं. ती बराच वेळ गप होती, मग म्हणली की रील काढते. मी म्हणलं काढू नको, खाली हे लिही.

माझा राग त्या साहेबांवरच आहे मग, तो कमी होणार नाही. चाळीस माणसं नेतात, माणशी पैसे घेतात, रोज रात्री अंताक्षरी घेतात, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून पाच मिनिटं एवढं सांगता येत नाही? भांडे घासायला एक टब, एक चाळणी, एक खड्डा. उष्टं चाळणीत अडकतं, ते पिशवीत बांधून खाली आणायचं, पाणी लांब मातीत पसरून टाकायचं. काय लागतं याला? आणि चाळीस कशाला, पंधरा न्या ना. पंधरा माणसांचा भार झरा सोसंल. वरून 'पाणी भरपूर आहे' म्हणून लोकांना गप करायचं. भरपूर धनेगावला पण होतं एकेकाळी.

त्यांना मी फोन लावला होता दुपारी, उचलला नाही. पुढच्या मेच्या बॅचमधी माझं नाव आहे, पैसे पण अर्धे भरलेत. संध्याकाळी परत लावणार आहे. टब, चाळणी आणि कमी माणसं यातलं काय काय करणार ते विचारणार, आणि नाही म्हणले तर नाव काढा म्हणणार. तुमच्यापैकी चौघी माझ्यासोबत येणार होतात, तुम्ही काय ते तुमचं ठरवा.

त्या ट्रिपचं एक राहिलंच. उतरायच्या दिवशी आम्ही रैथलमधी आलो तेव्हा दुपार झालती, बाटल्या रिकाम्या. गावाच्या वरच्या अंगाला एक काळा पाईप जंगलातून खाली आलाय, दगडांवरून, कुठं कुठं फांदीला बांधलेला, आणि तो एका सिमेंटच्या हौदात पडतो. तिथं दोन-तीन बाया भांडे भरत होत्या, एकीच्या पाठीवर गवताचा भारा. आम्ही थांबलो. त्यातल्या म्हातारीनं आमच्या तोंडाकडं बघितलं आणि न विचारता आपला भरलेला लोटा पुढं केला. मी दोन्ही हातांची ओंजळ केली, आपण शेतावर पितो तशी, आणि ती वरून धार सोडत राहिली. दात ठणकतील इतकं गार पाणी. मी पिता पिता त्या पाईपच्या वरच्या बाजूला बघत होते, जंगलाकडं. ती म्हणली, और पियो बेटा. मी परत ओंजळ केली.